दारवानाच्या बायकोचं नाव

टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन खेळायच्या रोलप्लेइंगमध्ये सगळ्यात स्वस्त काय असेल, तर वाक्य. ‘टेकडीमागं एक पडका वाडा आहे,’ असं डीएम, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा माणूस, म्हणाला की वाडा उभा. ना विटा, ना गवंडी, ना कुणाची परवानगी. तोच वाडा कॉम्प्युटर गेममध्ये हवा असेल तर भिंतींची मॉडेलं कुणीतरी आधी करून ठेवलेली लागतात, उजेड कुठून पडतो ते ठरवावं लागतं, दार उघडतं की नुसतंच रंगवलंय तेही ठरवावं लागतं. एवढा खटाटोप झाल्यावर खेळणारी मंडळी दाराकडे ढुंकूनही बघत नाहीत. ती म्हणतात, ‘मागं विहीर दिसतेय ना, तिच्यात दोर सोडतो.’ आणि विहीर नेमकी शोभेची असते.

तरीही गेली पंचवीस वर्षं गेम बनवणाऱ्या कंपन्यांना अधूनमधून हा झटका येतो. एक जण डीएम होऊन बसेल, बाकीचे खेळतील आणि गोष्ट तिथल्या तिथे घडत जाईल, असा व्हिडिओ गेम करायचाच. बहुतेकदा हात पोळतात. एक-दोनदा मात्र असं काही जमून गेलंय की लोकांनी तो गेम वीस वर्षं सोडलेला नाही. मला या खटपटीचं जुनं वेड आहे, आणि खरं सांगायचं तर जमलेल्यांपेक्षा फसलेले प्रयत्न मला जास्त आवडतात.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिलेलाच नाही त्यांना सांगायला माझ्याकडे एकच दाखला आहे: कोकणातला दशावतार. तिथं संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र घेणार ते ठरतं, आणि पुढचं सगळं रंगमंचावर, समोरचा काय बोलला त्यावर. रोलप्लेइंगमध्ये डीएमला आख्यान ठाऊक असतं, खेळाडूंना आपापलं पात्र ठाऊक असतं. फरक एवढाच की इथं संकासुर ऐनवेळी म्हणू शकतो, मला वेद पळवायचेच नाहीत, मी मासे पकडायला चाललो. डीएमनं मग तळं शोधायचं.

आता हा डीएम आला कुठून? तो आला प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यातून. १८२४ मध्ये राइस्वित्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटनं अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धाचा खेळ तयार केला. नकाशा, तांबडे-निळे ठोकळे, फासे आणि नुकसानीची कोष्टकं. दोन्ही बाजूंनी आपले हुकूम मधल्या पंचाकडे द्यायचे. शत्रू कुठं दिसतो, कुठं दिसत नाही, आपल्या तोफांनी किती माणसं पडली, हे तो पंच सांगणार. खेळ गाजला, पण कोष्टकं बघता बघता पंचांचा जीव जायचा. दोन मिनिटांच्या चकमकीचा हिशेब करायला त्याच्या कितीतरी पट वेळ. शेवटी १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्यानं लिहून टाकलं की कोष्टकं बाजूला ठेवा, ज्यानं लढाई पाहिलीय अशा माणसाला पंच करा आणि तो म्हणेल ते माना. पुढं हे गृहस्थ प्रशियाचे युद्धमंत्री झाले.

मला हे दोघे फार महत्त्वाचे वाटतात. राइस्वित्झ म्हणजे हिशेब, फेर्दी म्हणजे निवाडा. १९६९ मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिसच्या बाजूला डेव्हिड वेस्ली यानं ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. सेनापती राहिले बाजूला आणि खेळणारे कुणी नगराध्यक्ष, कुणी विद्यार्थ्यांचा पुढारी होऊन परस्परांत खलबतं करायला लागले. वेस्लीला वाटलं, खेळ हातातून गेला, फसला. मंडळी म्हणाली, परत कधी? त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. त्यानं आणि गॅरी गायगॅक्सनं मिळून १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंगचा खेळ काढला. पहिली छपाई हजार प्रतींची. त्यात राइस्वित्झचे फासे आणि कोष्टकंही होती आणि फेर्दीचा पंचही होता, आणि या दोघांचं भांडण आजतागायत मिटलेलं नाही. कुठल्याही ग्रुपमध्ये एक जण ‘पुस्तकात तसं नाहीये’ म्हणणारा असतोच.

कॉम्प्युटर आला तो राइस्वित्झच्या बाजूनं. बेरीज-वजाबाकी, अंतर, कोण कुणाला दिसतो, फासा किती पडला, सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. पंचाचा जीव घेणारं काम यंत्रानं उचललं हे उत्तमच झालं. पण उचलता उचलता त्यानं पंचालाही उचलून बाहेर ठेवलं. बहुतेक रोलप्लेइंग गेम्समध्ये पंच नाहीच. आहे ती आधीच लिहिलेली गोष्ट, तिच्या फांद्या मोजक्या. म्हणून जेव्हा कुणी ‘पंचाला परत आत बसवू’ म्हणतो तेव्हा मी कान टवकारतो.

२००० साली आलेल्या व्हॅम्पायर: द मास्करेड – रिडेम्प्शनमध्ये हे पहिल्यांदा नीट दिसलं. एक खेळाडू ‘स्टोरीटेलर’ व्हायचा, चालू खेळात पात्रं उतरवायचा, एखाद्या पात्रात शिरून बोलायचा. कल्पना भन्नाट, पण वापरायला किचकट. त्यानंतर २००२ च्या जूनमध्ये बायोवेअरचा नेव्हरविंटर नाइट्स आला आणि ही गोष्ट खऱ्या अर्थानं जमली. गेमसोबत अरोरा टूलसेट यायचा, त्यात चौकोनी तुकडे जोडून गाव, जंगल, भुयार मांडायचं, हवं तिथं पात्रं ठेवायची, सीसारख्या प्रोग्रामिंग भाषेत थोड्या स्क्रिप्ट लिहायच्या. आणि वेगळा डीएम क्लायंट, म्हणजे फक्त डीएमसाठीचा प्रोग्राम. डीएम आपल्या मांडलेल्या जगात अदृश्य होऊन फिरणार. राक्षस कमी वाटले तर टाकणार, जास्त झाले तर ‘लिम्बो’ नावाच्या अधांतरी जागेत पाठवून देणार. कुणी मरायला टेकला तर गुपचूप बरं करणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुठल्याही पात्रावर क्लिक करून त्याच्या अंगात शिरणार.

त्या गेमची स्वतःची कथा बेतास बातच होती, हे त्याचे भक्तही मान्य करतात. महामारी, तिच्यावरचा उतारा आणि गावभर हेलपाटे. लोकांनी ती एकदा संपवली आणि टूलसेट उघडला.

आमच्या होस्टेलवर हा गेम कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून आला. कॉरिडॉरमधून ओढलेली वायर, एक स्विच, जोडाजोड करून उभे केलेले पीसी. आमचा डीएम कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत बसायचा. त्यानं रात्री जागून एक गाव केलं होतं आणि गावाबाहेर एक तळघर. तळघरावर त्याचा फार जीव. सापळे, थडगी, शेवटी एक मोठं भूत. गावाच्या वेशीवर भाला धरलेला एक दारवान होता. तो फक्त शोभेला. त्याच्याशी बोललं तर ‘रात्री बाहेर जाऊ नका’ एवढं एकच वाक्य यायचं.

गेमला देवनागरी कळत नसे, त्यामुळे आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचो. आमच्यातल्या एकानं, त्याला बहुधा तळघरात जायचा कंटाळा आला असावा, दारवानासमोर उभं राहून लिहिलं, ‘मामा, एवढ्या रात्री एकटंच? घरी कोण असतं?’

काहीच झालं नाही. मग दारवान वळला. इतका वेळ खांबासारखा उभा असलेला तो माणूस आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. डीएम त्याच्यात शिरला होता.

‘बायकू हाय. पर म्हायेराला गेली ती अजून आली न्हाई.’

‘कुठलं माहेर?’

‘पल्याडच्या वाडीचं.’

‘नाव काय मामींचं?’

यावर बराच वेळ गेला. भिंतीपलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अक्षरं उमटली: ‘सुगंधा.’

झालं. तळघर गेलं खड्ड्यात. आम्ही सुगंधामामींना आणायला निघालो. आता पंचाईत अशी की चालू खेळात नवी जागा तयार करता येत नसे, ती टूलसेटमध्ये आधीच करून ठेवावी लागे. पात्रं हवी तेवढी टाका, पण घर कुठून आणणार? डीएमनं आम्हाला उचललं आणि गावातल्याच गुत्त्याच्या वरच्या मजल्यावर टाकलं. हे मामींचं माहेर. खोलीत दारूची पिंपं, लांबच लांब बाकं, भिंतीला टांगलेलं हरणाचं मुंडकं. गुत्ता आहे हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, कारण तासापूर्वी आम्ही तिथंच बसलो होतो. कुणीही अवाक्षर काढलं नाही. उलट एकानं लिहिलं, ‘सासरेबुवा शौकीन दिसतात.’ ताबडतोब सासरेबुवा अवतरले आणि आले ते झिंगूनच.

मला त्या रात्रीपासून वाटत आलंय की यंत्रानं दाखवलेलं आणि खेळणाऱ्यांनी मानलेलं यांत फट राहिली तरी चालतं. किंबहुना फट लागतेच. तिच्यात डीएम उभा राहतो. नेव्हरविंटरची चित्रं तेव्हाच्या मानानंसुद्धा ओबडधोबड होती, माणसांची तोंडं ठोकळ्यासारखी, आणि पात्रं बहुतांशी लेखी बोलायची. म्हणून दारवान कोल्हापुरी बोलू शकला.

हे न कळल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे २०१५ च्या ऑक्टोबरमधला स्वोर्ड कोस्ट लेजेंड्स. जाहिरातीत डीएम मोड, बनवणारी फ्लोरिडातली एन-स्पेस, पाठीशी डंजन्स अँड ड्रॅगन्सचं नाव. आम्हा जुन्या लोकांना वाटलं, आला आपला गेम. प्रत्यक्षात डीएमच्या हाती ‘थ्रेट’ नावाचे पॉइंट दिलेले. पॉइंट खर्चून राक्षस उतरवायचे, सापळे लावायचे. डीएमनं खेळाडूंना चिरडू नये म्हणून त्याच्यावर लगाम, असा त्यामागचा विचार. ऐकायला न्याय्य वाटतो. पण ज्याला मनात आलं तर आख्खं आकाश कोसळवता येतं, त्याला कशाला लागतात पॉइंट? डीएम हा खेळाडूंचा प्रतिस्पर्धी आहे अशी समजूत झाली की मग त्याला बजेट द्यावंसं वाटतं. गावातल्या म्हातारीला बोलतं करायची सोय मात्र सुरुवातीला जेमतेम होती. नंतरच्या अपडेट्सनी थोडंफार सावरलं, पण मार्च २०१६ मध्ये स्टुडिओच बंद पडला आणि २०१७ संपता संपता गेमची विक्रीही थांबली.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जेसन रोरर या एकांड्या शिलेदारानं २०१० मध्ये केलेला स्लीप इज डेथ. दोनच माणसं. एक खेळणार, दुसरा जग चालवणार. खेळणाऱ्यानं काहीही टाइप करावं: खिडकी उघडतो, पत्र जाळतो, आईला विचारतो. समोरच्याकडे उत्तर द्यायला ३० सेकंद. तेवढ्यात त्यानं चित्रातली खिडकी उघडायची, नसेल तर ठिपक्याठिपक्यांनी काढायची, आईच्या तोंडी वाक्य घालायचं. ३० सेकंद संपले की जे असेल ते पलीकडे दिसणार. मी हे दोन्ही बाजूंनी खेळलोय. जग चालवणाऱ्याच्या तळहाताला घाम फुटतो. चित्रं भीषण येतात. आई म्हणजे एक तपकिरी आयत. पण त्या आयतानं ‘बाबांनी पण असंच पत्र जाळलं होतं’ म्हटलं की समोरचा गार पडतो. सेशन संपला की सगळा खेळ चित्रकथेसारखा साठवलेला मिळतो. तो दुसऱ्या दिवशी उघडून बघितला तर हसू येतं, काही केल्या ती मजा पुन्हा सापडत नाही.

आणि एक अनपेक्षित नातेवाईक म्हणजे आर्मा ३. चेक कंपनी बोहिमियाचा हा रुक्ष, गंभीर लष्करी गेम. त्यात एप्रिल २०१४ मध्ये ‘झ्यूस’ नावाचा मोड फुकट आला. एक जण वरून सगळं मैदान बघतो आणि खालच्या सैनिकांपुढं प्रसंग वाढून ठेवतो: पूल उडव, गावात गोळीबार सुरू कर, वाटेत एक बंद पडलेला ट्रक ठेव. मनात आलं तर वीजही पाडतो. राइस्वित्झला हे दाखवलं असतं तर त्यानं रडून घेतलं असतं. मला स्वतःला लष्करी गेम फारसे झेपत नाहीत, पण झ्यूस का चालतो, याचं उत्तर सोपं आहे. लढाईत बोलणं कमी लागतं. झाडीतून धूर निघताना दिसला की पुढची गोष्ट खेळाडूच एकमेकांना वायरलेसवर सांगतात. २०२२ च्या आर्मा रिफॉर्जरमध्ये तर गेम मास्टर हा मोड पहिल्या दिवसापासून होता.

२०१७ मध्ये बेल्जियमच्या लारियननं डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ मध्ये गेम मास्टर मोड दिला. जीएम आणि चार खेळाडू. हा मोड ज्यांनी केला ते स्वतः टेबलावर खेळलेले असणार हे पदोपदी जाणवतं. जीएमला हव्या त्या क्षणी सगळं थांबवता येतं. स्वतःचा नकाशा, अगदी वहीच्या पानाचा फोटोसुद्धा, लावता येतो. आणि ज्या प्रसंगासाठी जागा तयार नाही तो प्रसंग एक चित्र, चार ओळी आणि खाली दोन-तीन पर्याय अशा कार्डावर मांडता येतो. म्हणजे यंत्रानं स्वतःच कबूल केलं की हे मला दाखवता येत नाही, तुम्ही सांगा. गुत्त्याचं माहेर करायची वेळ या कार्डामुळं टळली असती. मी या मोडवर वेड्यासारखा खेळलो आणि तरी आमचा ग्रुप त्यावर टिकला नाही. एका संध्याकाळच्या खेळासाठी जीएमला आठवडाभर मांडामांड करावी लागायची. आगीचे डाग, तेलाची थारोळी, पडदे. मांडल्यावर ते वापरावंसं वाटतं आणि मग मंडळींना नकळत त्या दिशेला हाकलणं आलं.

त्याच लारियनचा बाल्डर्स गेट ३ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्यानं जग जिंकलं, आणि त्यात डीएम मोड नाही. मला हे अटळ वाटतं. त्या गेममधलं जवळपास प्रत्येक पात्र नटाच्या आवाजात बोलतं, चेहऱ्याची रेघ न् रेघ हलते. अशा जगात डीएमनं दारवानाच्या तोंडी नवं वाक्य घालायचं तर कुठल्या आवाजात? बाकी सगळे बोलणार आणि एकटाच दारवान मुका, त्याच्या डोक्यावर टाइप केलेली ओळ. तिथली फट बुजवूनच टाकलेली आहे. शेवटाची १७,००० रूपं आहेत असं कंपनी सांगायची, आणि मी गेम दोनदा संपवून त्यावर खूशही आहे. पण त्या १७,००० मध्ये सुगंधामामी नाही.

पैशाचंही आहेच. पाच जणांनी गेम घेतला तर चार जण खेळतात आणि पाचवा राबतो. हा पाचवा प्रत्येक ग्रुपात सापडत नाही, सापडला तरी वर्षभरात थकतो. ज्या मोडचं चालणं अशा बिनपगारी माणसावर अवलंबून, त्यावर कुठली कंपनी वर्षानुवर्षं पैसा लावेल? म्हणून मग काहींनी त्या माणसालाच यंत्रानं बदलायचं ठरवलं. निक वॉल्टनचं एआय डंजन २०१९ मध्ये आलं तेव्हा मी रात्रभर त्याच्याशी खेळलो. मी म्हटलं मी राजा आहे, ते म्हणालं हो. मी म्हटलं राजवाडा उडायला लागला, ते म्हणालं उडाला. इतका होयबा पंच फेर्दीनं पहिल्या दिवशी घरी पाठवला असता. तेव्हापासून ही यंत्रं पुष्कळ हुशार झालीत, हे खरं. पण कॉरिडॉरच्या टोकाला खुर्ची सरकल्याचा आवाज त्यांच्यातून येत नाही, आणि समोरच्याची फजिती झाली हे कळण्यातच माझी निम्मी मजा असते.

रोल२० आणि फाउंड्रीसारख्या ऑनलाइन टेबलांबद्दल थोडक्यात. ती गेम नव्हेत. नकाशा, सोंगट्या, फासे, बस्स. बाकी तोंडानं. लॉकडाउनमध्ये आम्ही यांवरच तगलो. त्यांची महत्त्वाकांक्षा बेताची आहे म्हणून ती टिकून आहेत, असं माझं मत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मालकांनी सिगिल नावाचं झगमगीत त्रिमितीय टेबल करायला घेतलं, आणि मार्च २०२५ मध्ये त्या टीममधल्या बहुतेकांच्या हाती नारळ ठेवला.

नेव्हरविंटर मात्र चालू आहे. २०१८ मध्ये बीमडॉगनं त्याची डागडुजी करून नवी आवृत्ती काढली. मूळ गेमच्या वेळी बायोवेअरमध्ये असलेला ट्रेंट ऑस्टर या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. अरेलिथसारखे लोकांनी उभे केलेले सर्व्हर आजही भरलेले असतात. आमचा होस्टेलचा डीएम आता टोरोंटोला असतो. गेल्या दिवाळीत बोलता बोलता विषय निघाला आणि आम्ही त्याला गळ घातली. उन्हाळ्यात त्याची शनिवार रात्र साडेनऊ म्हणजे आमची रविवार सकाळ सात, हे त्याला जमण्यासारखं आहे. तो तयार झालाय, पण अटी घालून. चहा-नाश्ता उरकूनच बसायचं. मध्येच पोरांच्या क्लासचं निमित्त सांगून उठायचं नाही. त्याला तळघर करायला लावायचं आणि मग तिथं जायचं नाही, असं पुन्हा करायचं नाही. आणि नियमांचं पुस्तक कुणीही उघडायचं नाही, तो सांगेल तो निवाडा. पहिल्या तिन्ही अटी मान्य झाल्यात. चौथीवर अडलंय, कारण आमच्यातला एक जण दरम्यान वकील झाला.